न दिलेली समज

अण्णाने गुन्हा कबूल केला हे मला शाळेत कळलं. तोवर कबुली होऊन, शिक्षाही होऊन, पोलीस त्याला सेंट्रल जेलकडे घेऊन निघाले होते. तिसरीच्या मुलांना कन्नड धडा वाचायला लावून मी खिडकीशी उभी होते. अण्णाच्या बसचा कंडक्टर व्हरांड्यात आला, चपला काढून उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "अक्का, दंड नाही झाला. सहा महिने झाले." मला आधी कळलंच नाही. सहा महिने कशाला झाले, असं काहीतरी मी विचारल्याचं आठवतं.

अण्णा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्याच्यावर. आम्ही गविपुरमला राहत होतो. आमचे पूर्वज या कन्नड मुलखात कधी आले ते घरात कुणालाच नक्की सांगता येत नसे. फार पूर्वी, एवढंच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ जेवताना. पुण्याचे कुणी पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून गालात हसत. अण्णा खाजगी बस चालवायचा. कलासीपाळ्यमहून निघून देवनहळ्ळीवरून पुढे जाणारी गाडी होती. घरात आई, अण्णा, वैनी आणि मी. मी नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते आणि पन्नासचं दशक संपत आलं होतं.

अपघात देवनहळ्ळीच्या अलीकडे झाला. बाजाराचा दिवस होता. रस्त्याच्या कडेला एक बैलगाडी उभी होती आणि तिच्या मागून एक म्हातारी चकोत्यांची टोपली डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायला निघाली. तिकडचे चकोते, म्हणजे पपनस, मोठे आणि गोड, बायका ते बसच्या प्रवाशांना विकत. अण्णाने ब्रेक दाबला, पण गाडी थांबेपर्यंत ती खाली आली होती. त्याने स्वतःच तिला उचलून गाडीत घेतलं, उतारूंना खाली उतरवलं आणि गाडी दवाखान्याकडे हाणली. ती वाटेतच गेली. तिथून तो सरळ पोलीस ठाण्यात जाऊन बसला.

बसच्या मालकाने त्याच दिवशी जामीन दिला. दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला. बोलायला मऊ माणूस होता. आईच्या पाया पडला, कॉफी घेतली, आणि अण्णाला समजावलं की वकील वगैरे करायची गरज नाही. अशा केसेस त्याने पुष्कळ पाहिल्या होत्या. कोर्टात वाद घातला की तारखांवर तारखा पडतात. कबूल केलं की दंड होतो, आणि दंड तो भरणार होता. कोर्ट जे विचारील त्याला सरी, बरं, म्हणायचं आणि परत गाडीवर यायचं. आज इतक्या वर्षांनंतरही मला वाटत नाही की तो खोटं बोलत होता. त्याच्या आधीच्या ड्रायव्हरांचं तसंच झालं असावं. आम्हाला सगळ्यांनाच ते पटलं. आईने तर तो गेल्यावर देवापुढे दिवा लावला.

कोर्टात नेमकं काय झालं ते अण्णाकडून मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, बरेच महिने लागले. तालुक्याच्या त्या कोर्टात त्या दिवशी खूप गर्दी होती. मॅजिस्ट्रेटसमोर कागदांचा ढीग होता. त्यांनी अण्णाच्या केसचा इंग्रजी कागद भराभर वाचला. मग बाजूला उभ्या असलेल्या कारकुनाने कन्नडमध्ये विचारलं, "तुझ्या बसखाली म्हातारी सापडून मेली, होय ना?" अण्णा म्हणाला, "सरी." एवढंच. मॅजिस्ट्रेटांनी काहीतरी लिहिलं, पुन्हा इंग्रजीत काहीतरी म्हणाले. आता दंडाचा आकडा सांगतील म्हणून अण्णा वाट पाहत उभा राहिला, तेवढ्यात एका शिपायाने त्याचा दंड धरला. तो पुढच्या माणसासाठी जागा करायची म्हणून असेल असं अण्णाला वाटलं. बाहेर आल्यावर त्याने शिपायाला विचारलं की मालक कुठे आहे. मालक आलाच नव्हता.

त्या दिवसापासून पुढची जवळजवळ तीन वर्षं मी कोर्टाच्या बाकांवर काढली. आता आठवायला गेलं की त्या वर्षांत मला फक्त बाक आठवतात. दगडी, लाकडी, एक पाय हलणारा. शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा, मग बस, मग बाक, मग "पुढची तारीख." वैनी सोबत असायची. ती कधी काही विचारत नसे. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची आणि निघायची वेळ झाली की ते सोडायची.

वकील मिळाले ते आमच्या मुख्याध्यापिकाबाईंमुळे. त्यांचे दूरचे नातेवाईक होते, बसवनगुडीला राहत. वय झालेलं, खोकला कायमचा, वकिली सोडायच्या बेतात होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि डोळे मिटून बसले. मला वाटलं झोप लागली. मग ते कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, तुझ्या भावाने दरवाजा आतून लावून घेतलाय. ज्याने गुन्हा कबूल केला त्याला अपील नाही. शिक्षा जास्त झाली एवढंच म्हणता येतं."

मी विचारलं की त्याला हे कुणी सांगितलं होतं का, की कबूल केलं तर पुढे अपील नाही म्हणून.

त्यांनी डोळे उघडले. "तेच बघायचंय," ते म्हणाले. "त्याला काय काय सांगितलं, आणि काय सांगितलं नाही."

पुढे कित्येक संध्याकाळी त्यांनी मला ते समजावलं. मी मास्तरीण, म्हणून मला शिकवण्यात त्यांना गंमत वाटत असावी. आरोप नुसता वाचून चालत नाही, तो माणसाला कळेल अशा भाषेत समजावून द्यावा लागतो. बसखाली कुणी मेलं हा काही गुन्हा नव्हे. बस बेफिकीर चालवली, हयगय केली आणि त्यामुळे कुणी मेलं, तर गुन्हा. अण्णाला पहिलं विचारलं, दुसरं विचारलंच नाही. त्याने सरी म्हटलं ते पहिल्याला. कागदावर मात्र "गुन्हा कबूल" अशी इंग्रजीतली ठरीव ओळ होती, आणि त्याचा स्वतःचा एकही शब्द नव्हता. त्याला समज दिली, आरोप समजावला, अशीही नोंद नव्हती.

मी उत्साहाने म्हटलं, मग तर कबुली रद्दच झाली.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. कोर्टाकडून काहीतरी राहून गेलं म्हणजे सगळं मोडतं असं नाही. सरकार म्हणणार, नोंद नाही म्हणून समज दिली नाही असं कुठे आहे? आणि समजा दिली नाही, तरी त्याने आरोपीचं नुकसान काय झालं? समज दिली असती तरी तो हेच बोलला असता. मग राहून गेलेल्या गोष्टीला किंमत काय? कुठली चूक नुसती चूक आणि कुठल्या चुकीने कबुलीचा पायाच जातो, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावर माणसं आयुष्यभर भांडतात, असं ते म्हणाले. मग खोकत खोकत आत गेले.

जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टात आम्ही हरलो. तिथे फार वेळ लागला नाही. न्यायाधीशांनी कागद चाळले, आरोपीने स्वतः कबूल केलंय म्हणाले, शिक्षाही काही जड नाही म्हणाले. वकीलसाहेबांनी उभं राहून सांगायचं ते सांगितलं. बाहेर येऊन त्यांनी झाडाखाली बसून पाणी प्यायलं आणि हायकोर्टाचा अर्ज उद्याच लिहायला घेतो म्हणाले. मला त्या दिवशी इतका थकवा आला होता की नको म्हणावंसं वाटलं. सहा महिन्यांतले दोन तर उलटत आलेच होते.

जेलमध्ये अण्णा सतरंज्या विणायला शिकला होता. भेटायला गेलं की त्याच्या बोटांना सुताचा रंग लागलेला असे. मी त्याला केसचं सांगू लागले की तो आईचे गुडघे कसे आहेत ते विचारायचा. एकदा मी चिडले. तुझ्यासाठी एवढं चाललंय आणि तू ऐकतही नाहीस, म्हटलं. तो जाळीपलीकडून शांतपणे म्हणाला, "बाई मेली ना ती. मग मला काय सांगितलं आणि काय नाही, त्याचं काय एवढं?"

वैनी तेव्हा पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, "घरी या. मग बोला काय ते."

हायकोर्टाने अर्ज दाखल करून घेतला आणि जामीन दिला. अण्णा घरी आला तेव्हा त्याची शिक्षा अर्ध्याहून अधिक भोगून झाली होती. शेजारपाजारचे लोक भेटून गेले. आईने त्याला अंघोळ घातली, लहान असल्यासारखी. पण तो गाडीवर परत गेला नाही. मालकाने एकदा निरोप पाठवला, अण्णाने उत्तर दिलं नाही. तो सकाळी निघायचा आणि जयनगरच्या बाजूला जायचा. तिकडे नवीन वसाहत बसत होती; रस्ते आखलेले, घरं थोडी, बाकी दगड आणि माती. तिथे एका बांधकामावर त्याला मुकादमाने काम दिलं. विटा मोजून घ्यायच्या, सामान राखायचं. संध्याकाळी धुळीने भरून यायचा, हातपाय धुवायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून निजायचा. हायकोर्टातली केस वर्षभराहून जास्त तशीच पडून होती. आमच्या घरात त्या काळात कुणी मोठ्याने हसल्याचं मला आठवत नाही, आणि कुणी भांडल्याचंही नाही.

सुनावणीच्या आधी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. वकीलसाहेबांनी अण्णाला घरी बोलावलं. मी सोबत गेले. त्यांनी मसुदा तयार ठेवला होता, तो कन्नडमध्ये वाचून दाखवला. मला आरोप समजावला नाही, कबुलीचे परिणाम सांगितले नाहीत, आणि ते सांगितले असते तर मी गुन्हा कबूल केला नसता, असं त्यात होतं.

अण्णा म्हणाला, "शेवटचं नको."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. ते म्हणाले की शेवटच्या वाक्यावर तर सगळी केस उभी आहे. समज न दिल्याने तुझं नुकसान झालं हे त्यातूनच दिसतं.

"पण ते खरं नाही," अण्णा म्हणाला. "मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक नाही. शपथेवर कसं सांगू?"

मी त्याला मराठीत समजवायला लागले. हा नुसता कायद्याचा शब्द आहे, असं सगळेच लिहितात, तू सही कर. आईचं वय सांगितलं, वैनीचं सांगितलं. तो ऐकत राहिला, मान हलवत राहिला, आणि सही करेना. वकीलसाहेब आमच्याकडे बराच वेळ बघत होते. त्यांना मराठी कळत नव्हती, पण कळायला शब्द लागत नव्हते. अखेर त्यांनी लेखणी उचलली, शेवटचं वाक्य खोडलं आणि त्याच्या जागी लिहिलं की, समज दिली असती तर मी काय उत्तर दिलं असतं हे मला आज सांगता येत नाही. अण्णाने त्यावर लगेच सही केली.

परतताना मी त्याच्याशी बोलले नाही. गविपुरमच्या चढावर तो मागे राहिला होता, तरी मी थांबले नाही.

हायकोर्टाची ती लाल इमारत मी लहानपणापासून बाहेरून पाहिली होती. आतून ती थंड होती आणि कोर्टाच्या खोलीत आवाज घुमायचा. सगळं इंग्रजीत चाललं होतं. मला बरंचसं कळत होतं, वैनीला काहीच नाही. सरकारी वकील तरुण होते, तयारीने आले होते. त्यांनी म्हातारीचं वय सांगितलं, बैलगाडी सांगितली. आरोपी बारा वर्षं गाडी चालवणारा ड्रायव्हर, कन्नड उत्तम बोलतो, कोर्टात तक्रार केली नाही, म्हणजे त्याला सगळं कळत होतं असं धरलं पाहिजे. खालच्या मॅजिस्ट्रेटांनीही लेखी कळवलं होतं की ते नेहमीच आरोप समजावतात; या माणसाचं मात्र त्यांना वेगळं काही आठवत नव्हतं. आणि मग सरकारी वकिलांनी अण्णाचं प्रतिज्ञापत्र वाचलं. आरोपी स्वतःच म्हणत नाही की त्याने नाकारलं असतं, तेव्हा त्याचं नुकसान काय झालं? ते बसले तेव्हा मी वैनीचा हात धरला. मला वाटलं, संपलं.

न्यायाधीश वयाने मोठे होते. त्यांनी खालच्या कोर्टाचा कागद हातात घेतला आणि विचारलं, "हा माणूस काय म्हणाला?"

सरकारी वकील म्हणाले की गुन्हा कबूल, असं नोंदलं आहे.

"ते कोर्टाचे शब्द झाले. त्याचे कुठले?"

सरकारी वकील कागद चाळू लागले. वकीलसाहेब उठले आणि थोडंच बोलले. त्यांचा आवाज त्या दिवशी फार बसला होता. ते म्हणाले की माझ्या अशिलाने सरी एवढंच म्हटलं. आमच्या भाषेत सरी म्हणजे होय, बरं, कळलं, चला पुढे, काहीही. भाजीवाला भाव सांगतो त्यालाही आपण सरी म्हणतो. त्यावर माणसाला सहा महिने पाठवायचं असेल तर निदान तो कशाला सरी म्हणतोय हे त्याला सांगितलं पाहिजे.

निकाल थोड्या दिवसांनी लागला. वकीलसाहेबांनी तो मला सावकाश वाचून दाखवला. प्रत्येक राहून गेलेल्या सूचनेने कबुली बाद होते असं या कोर्टाला म्हणायचं नाही, असं सुरुवातीलाच होतं. पण इथे ज्या गोष्टीमुळे तो गुन्हा ठरतो तीच आरोपीला सांगितल्याचं दिसत नाही. जे सांगितलंच नाही ते त्याने कबूल कसं केलं? ती कबुली मुळात कबुलीच नव्हती. मग समजावलं असतं तर तो काय म्हणाला असता, हा प्रश्नच उरत नाही. शिक्षा रद्द. केस पुन्हा तालुक्याला, दुसऱ्या मॅजिस्ट्रेटपुढे, पहिल्यापासून.

"पहिल्यापासून?" मी विचारलं.

"हो अम्मा," ते म्हणाले. "जिंकलो म्हणजे एवढंच. पुन्हा विचारणार."

मी घरी जाऊन सांगितलं. आईला वाटलं सगळं मिटलं. तिने शेजारणीला साखर दिली. तिला पुन्हा समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. ते वैनीने केलं.

तालुक्याला पहिल्या कित्येक तारखा नुसत्या पुढे ढकलल्या गेल्या, मग नवीन मॅजिस्ट्रेट आले. तरुण, बारीक अंगाचे, चेहऱ्यावर जागरण असल्यासारखे. हायकोर्टातून परत आलेली केस म्हणून असेल, पण त्यांनी अण्णाला पुढे बोलावून खुर्ची पुढे ओढली आणि स्वतः कन्नडमध्ये सांगायला सुरुवात केली. आरोप काय आहे. त्यात काय सिद्ध व्हावं लागतं. कबूल करायची सक्ती नाही. नाही म्हटलं तर सरकारला साक्षीदार आणावे लागतील आणि तुझा वकील त्यांना प्रश्न विचारील. हो म्हटलं तर त्या कबुलीवर शिक्षा होऊ शकते, दोन वर्षांपर्यंत, आणि मग गुन्हा केलाच नाही असं वर जाऊन म्हणता येणार नाही. मालकाने किंवा पोलिसांनी काही आश्वासन दिलं असेल तर ते या कोर्टावर बंधनकारक नाही. मध्येच थांबून त्यांनी विचारलं की घरी कुठली भाषा बोलता. मराठी, अण्णा म्हणाला. मग त्यांनी विचारलं की मराठीत कुणी सांगायला हवं का. अण्णा म्हणाला, नको, सगळं कळलं.

मी बाकावर बसून ऐकत होते. तीन वर्षं आम्ही ज्याच्यासाठी भांडलो ते एवढंच होतं. चहा निवायला लागतो तेवढा वेळ लागला असेल.

मॅजिस्ट्रेटांनी उत्तर लगेच मागितलं नाही. उद्या ये म्हणाले.

वकीलसाहेबांनी बाहेर अण्णाला बजावलं की उद्या फक्त नाही म्हणायचं, बाकी त्यांच्यावर सोडायचं. साक्षीदार पांगलेले होते, बैलगाडीवाला सापडत नव्हता, वेग किती होता ते कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. सुटण्यासारखी केस होती. अण्णाने मान हलवली. ती कशासाठी हलवली ते आम्ही कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात म्हातारीचा मुलगाही होता. देवनहळ्ळीजवळ त्याची शेती होती. केस तालुक्याला परत आल्यापासून प्रत्येक तारखेला त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं जायचं आणि तो प्रत्येक तारखेला यायचा. आम्ही एकाच बाकावर बसत असू, मध्ये एका माणसाची जागा सोडून. कधी बोललो नव्हतो.

अण्णाला विचारलं तेव्हा तो एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, "मला सांगायचंय ते सांगू का?"

मॅजिस्ट्रेट म्हणाले, सांग.

"गाडीचा ब्रेक सैल होता. दोनदा दाबल्याशिवाय धरत नव्हता. आठवडाभर तसंच होतं. मी मालकाला सांगितलं होतं, तो बाजार झाल्यावर करू म्हणाला. मला ठाऊक असून मी गाडी बाहेर काढली. बाजाराचा दिवस आहे, रस्त्यावर माणसं असणार, हेही ठाऊक होतं. ती एकदम पुढे आली हे खरं. पण ब्रेक नीट असता तर थांबली असती गाडी."

वकीलसाहेब उठले आणि अर्ध्यावर थांबले. मॅजिस्ट्रेटांनी लिहायला सुरुवात केली. अण्णाचंच कन्नड, त्याच्याच शब्दांत. एक वाक्य लिहायचे, वाचून दाखवायचे, असंच म्हणालास ना विचारायचे. अण्णा हो म्हणायचा. हा ब्रेकचा विषय आम्हाला कुणालाच माहीत नव्हता. मला नाही, वैनीला नाही, वकीलसाहेबांना नाही. मी वैनीकडे पाहिलं. ती रडत नव्हती. तिने पदराचं टोक बोटावरून सोडलं होतं आणि अण्णाकडे बघत होती.

मॅजिस्ट्रेटांनी पुन्हा एकदा विचारलं की परिणाम ठाऊक आहेत ना. मग दुपारी शिक्षा सांगितली. आधी भोगलेली कैद लक्षात घेऊन आता कोर्ट उठेपर्यंतची कैद, थोडा दंड, आणि ड्रायव्हिंग लायसन्स काही वर्षांसाठी बंद. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे काय ते वैनीला मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत इथेच बसायचं, मग घरी.

म्हणून आम्ही बसलो. अण्णा आत, शिपायाशेजारी. आम्ही दारापाशी. आत इतर केसेस चालू होत्या. कुणाची गुरं कुणाच्या शेतात शिरली होती, कुणी दारू गाळली होती. पंखा नव्हता. ऊन खिडकीतून येऊन अण्णाच्या पायांवर पडलं, मग भिंतीवर चढलं. वकीलसाहेब थांबले नाहीत. जाताना ते माझ्यापाशी थबकले आणि म्हणाले, "तुझा भाऊ वाईट अशील आहे, अम्मा." रागाने नाही म्हणाले. नुसते दमले होते.

म्हातारीचा मुलगा मात्र उगाचच थांबला होता. बऱ्याच वेळाने त्याने मध्ये सोडलेल्या जागेवर हात टेकला आणि मला विचारलं की आता त्याला परत यायला नको ना. मी म्हटलं, नको, संपलं. तो म्हणाला की तारखेच्या दिवशी शेतात माणूस मिळत नाही, फार ओढाताण होते. मग उठला. आत अण्णाकडे एकदा बघितलं, अण्णानेही त्याच्याकडे बघितलं. तो गेला.

कोर्ट उठलं तेव्हा शिपायाने अण्णाला नुसतं खुणेने सांगितलं, जा. परतीच्या बसमध्ये गर्दी होती. अण्णा दाराजवळ उभा राहिला. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने हाक मारली, पुढे ये म्हणाला. अण्णा गेला नाही.

मी त्याच्यावर रागावले होते. कित्येक महिने रागावले होते. माझ्या मुख्याध्यापिकेच्या परीक्षेच्या दोन संधी त्या तारखांमध्ये गेल्या होत्या, एक स्थळही त्याच काळात आलं आणि गेलं. एकदा दळण घेऊन येताना मी त्याला विचारलंच, की शेवटी हेच बोलायचं होतं तर पहिल्याच दिवशी का नाही बोललास. आम्हाला एवढं फिरवलंस कशाला.

त्याने खांद्यावरचा डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "पहिल्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "म्हातारी मेली का, एवढंच विचारलं. ते तर सगळ्यांना दिसतच होतं."

राग काही लगेच गेला नाही. तो कधी गेला ते सांगता येणार नाही. घरातले राग तसेच जातात, एखाद्या सणाला आपण बोलतोय हे लक्षात येतं.

मालकाचं काही झालं नाही. अण्णाचं बोलणं कागदावर होतं, पण त्यावरून कुणी त्याला बोलावलं नाही. त्याची गाडी पुढेही त्याच रस्त्याने धावत राहिली, नवा रंग लावून. वकीलसाहेबांनी वकिली सोडली. हायकोर्टातला तो निकाल पुढे कुठल्याशा कायद्याच्या मासिकात छापून आला, आणि दोन-तीन ठिकाणी इतर ड्रायव्हरांच्या केसमध्ये वकिलांनी तो वाचला, असं त्यांनी मला एकदा गांधी बझारात भेटल्यावर सांगितलं. त्यातला एक जण सुटला म्हणे. ते सांगताना त्यांना बरं वाटत होतं.

अण्णाने लायसन्स परत मिळाल्यावरही गाडी धरली नाही. बनशंकरीच्या देवळापलीकडे तेव्हा मोकळं रान होतं. तिथल्या एका वखारीत तो देखरेखीला लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. लाकडाचा भुसा त्याच्या कपड्यांना कायम लागलेला असायचा. मी मुख्याध्यापिका झाले, उशिरा. आई गेली. वैनीने शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसेनासं झाल्यावर मला हाताला धरून देवळात न्यायला लावलं, दर शुक्रवारी, आणि वाटेत ती बोलत राहायची. तेव्हा मला कळलं की ती मुळात बोलकी बाई होती.